आत्याचं वाकडं बोट

आमच्या मळ्यात कुणी कशाला सरळ बोट दाखवत नाही. वेलावर कोवळा भोपळा धरला आणि त्याला बोट दाखवलं, की तो देठाशी पिवळा पडतो, कुजतो आणि गळतो, हे मखमलाबादकडचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. दाखवायचंच झालं तर बोट मधल्या पेरात दुमडायचं आणि त्या पेरानं दाखवायचं. मला इतकी सवय, की सातवीत बाईंनी नकाशात गोदावरी दाखवायला सांगितली तर मी वाकड्या बोटानं त्र्यंबकपासून पार समुद्रापर्यंत गेले. बाई म्हणाल्या, "योगिनी, बोटाला काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही बाई, गोदावरी कुजायला नको." सगळा वर्ग हसला, बाईसुद्धा हसल्या. तेव्हापासून शाळेत मी हुशार आणि विनोदी म्हणून प्रसिद्ध आहे. यंदा दहावीत वक्तृत्व स्पर्धेत जिल्ह्यात पहिली आले, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले होते की ही मुलगी कुठेही बोलू शकेल.

कुठेही म्हणजे त्यांच्या डोक्यात कोर्ट नसणार.

हे सगळं नवसाआत्याचं आहे, म्हणून आधी तिचं सांगते. आत्या म्हणजे नानांची, माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. नानांच्या पाठीवर आजीला मूल टिकेना, म्हणून सप्तशृंगीला नवस केला आणि ही झाली. जन्मली तेव्हा रडलीच नाही म्हणे. चालायला उशिरा लागली, बोलायला त्याहून उशिरा. पहिलीच्या वर्गात तीनदा बसली आणि मग आजीनं तिला मळ्यात नेलं ते कायमचंच. लोक तिला तोंडावर भोळी म्हणतात आणि पाठीमागे वेडी.

आत्याला खोटं बोलता येत नाही. ती फार चांगली आहे म्हणून नाही, तिला ते जमतच नाही. लहानपणी माझ्या हातून दुधाचं पातेलं लवंडलं. मी तिच्या कानात सांगितलं, आई आली की मांजरानं सांडलं म्हण. आई आली. आत्या म्हणाली, "योगी म्हणती, मांजरानं सांडलं म्हण." मी मार खाल्ला आणि खाता खाता हसले.

दुसरी गोष्ट अशी, की प्रश्नाच्या शेवटी 'ना' लावलं की ती हो म्हणते. "तुला भूक लागली ना?" हो. "तुला भूक नाही ना?" हो. समोरच्याला राग येऊ नये एवढीच तिची इच्छा. घरात आम्ही तिला असं विचारतच नाही. "काय झालं?" म्हणतो आणि थांबतो. भाकरी थापून होईपर्यंत थांबावं लागतं कधी कधी, पण उत्तर येतं आणि ते खरं असतं.

आणि तिसरं ते बोट. आजीनं तिला भोपळ्यापुरतं शिकवलं होतं, पण आत्यानं ते सगळ्या जगाला लावलं. चंद्र, मोटर, पाळण्यातलं बाळ, देव, कुत्रा, सगळ्यांना वाकडं बोट. कुणी कुजायला नको.

कुंभमेळ्याच्या आदल्या वर्षी, मी आठवीत असताना, शेजारच्या शेखरनं नानांना मारलं. शेखरचा मळा आमच्या मळ्याला लागून. दर हंगामाला तो बांध थोडा थोडा कोरायचा आणि नाना दर हंगामाला बोलायचे. त्या दुपारी बोलाचाली झाली, नाना पाठ फिरवून विहिरीवर मोटर बंद करायला निघाले आणि यानं फावड्याचा दांडा मागून डोक्यात घातला. आत्या झेंडूच्या सरीत फुलं तोडत होती. ती पाटी तिथंच टाकून अनवाणी घरी पळत आली आणि आईला म्हणाली, "शेखरनं भाऊला दांडा मारला."

आई पोचेपर्यंत शेखरनंच नानांना उचलून स्वतःच्या टेम्पोत घातलं होतं. म्हणाला, काका विहिरीच्या कठड्यावरून पडले. दवाखान्यात तोच घेऊन गेला. सगळ्या गावानं पाहिलं ते एवढंच.

नाना वाचले. त्यांचा उजवा हात मात्र कोयता धरत नाही, सुतळीची गाठ मारत नाही, आणि त्या दिवसाचं त्यांना काही म्हणजे काही आठवत नाही. आई म्हणते ते एका अर्थी बरंच आहे. पण मग पाहिलेलं माणूस उरलं एकच.

आत्या तेव्हापासून मळ्यात गेली नाही. आम्ही फुलं तोडून आणतो, ती ओट्यावर बसून माळा ओवते. जन्म ज्या मातीत काढला ती ओट्यावरून दिसते, पण ही पायरी उतरत नाही. रोज विचारायची, "तो हाय का तिथं?" असायचाच तो, जामिनावर सुटलेला, त्याचाही मळा तिथंच. मग मी तिला सांगत आले, "आत्या, एक साहेब आहेत कोर्टात. त्यांना तू पाहिलंस ते सांगायचं. मग साहेब त्याला घेऊन जातील, आणि तू मळ्यात जायचं."

"साहेबाला सांगितलं की जायचं?"

"हो."

"भोपळा लावायचा?"

"आख्ख्या कुंपणाला लाव."

तारखा पडत गेल्या, कधी वकील नाही, कधी साहेब नाहीत. शेवटी यंदा श्रावणात साक्ष निघाली. आईनं आत्याला स्वतःच्या लग्नातलं हिरवं पातळ नेसवलं, केसांत शेवंती माळली. नाना, आई, आत्या आणि शाळा बुडवून मी. सिटी बसमध्ये आत्या खिडकीशी बसली आणि दिसेल ते वाकड्या बोटानं मला दाखवत गेली. खूष होती.

सरकारी वकील साहेब आम्हाला व्हरांड्यात भेटले. त्या दिवशी त्यांच्याकडे बऱ्याच केसेस होत्या आणि आत्याला ते पहिल्यांदाच बघत होते. मी पुढे झाले. "सर, दोन गोष्टी सांगायच्या होत्या. तिला प्रश्नाला 'ना' लावून विचारू नका, ती हो म्हणते. आणि उत्तराला वेळ लागतो, थांबावं लागतं."

त्यांनी माझ्या दोन वेण्यांकडे पाहिलं. "बाळ, तुला वकील व्हायचंय का?"

"आता व्हावं लागेल असं दिसतंय, सर."

ते खरंच हसले. माणूस वाईट नव्हता. पण तेवढ्यात पुकारा झाला आणि ते फायली सावरत आत गेले. तिसरी गोष्ट, बोटाची, माझ्या डोक्यातच आली नाही. मला वाटलं साक्ष म्हणजे तोंडाचं काम.

आत मी आईशेजारी मागच्या बाकावर बसले. आत्या पिंजऱ्यात उभी राहिली तर कठडा तिच्या छातीशी येत होता. समोर भिंतीलगत शेखर, पांढरा शर्ट, हात पुढे बांधलेले. त्याच्या एका बाजूला हवालदार, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या कुठल्या केसमधली चार-पाच माणसं आपला नंबर लागायची वाट बघत. आत्यानं शेखरला पाहिलं आणि पदर दोन्ही हातांत गच्च धरला.

मॅजिस्ट्रेट साहेब मऊ आवाजात बोलले. "घाबरू नका. तुमचं नाव?"

"नवसा."

"पूर्ण नाव?"

आत्यानं आईकडे बघितलं. साहेब म्हणाले, "तिकडे नाही, इकडे बघा. आज वार कोणता?"

"काल पालक गेला," आत्या म्हणाली. आमचा पालक मार्केटला जातो तो वार कालचा. मला कळलं. साहेबांना कसं कळणार?

"बरं. खोटं बोललं तर काय होतं?"

आत्यानं विचार केला. "नाय जमत."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. त्या खोलीत त्या प्रश्नाचं इतकं खरं उत्तर कुणी दिलं नसेल. साहेबांनी सरकारी वकिलांकडे बघितलं. मग म्हणाले, "समज कमी दिसते. बघू, विचारा तुम्ही."

सरकारी वकील उठले. "त्या दिवशी मळ्यात काय पाहिलंत?"

आत्या गप्प. पंखा फिरत होता. मी मनात भाकरी थापत होते, एक बाजू, दुसरी बाजू, थांबा, येतंय उत्तर. पण वकील साहेबांना थांबवेना. "आरोपीनं तुमच्या भावाला मारलं ना?"

"ऑब्जेक्शन," शेखरचे वकील बसल्या बसल्याच म्हणाले. साहेबांनीही मान हलवली, "उत्तर तोंडात घालू नका." आणि या सगळ्यांचं चालू असताना, कुणी तिच्याकडे बघत नसताना आत्या म्हणाली, "शेखरनं दांडा मारला. फावड्याचा. भाऊ जात होता, मागून."

आईनं माझा हात दाबला. संपलं, जिंकलो, मला वाटलं. मला शर्यतीत पहिली आल्यासारखं झालं होतं.

"कोण शेखर? इथे कोर्टात आहे?"

"हाय."

"बोट करून दाखवा."

आत्यानं पदर सोडला. उजवा हात वर केला, बोट दुमडलं आणि ते पेर समोरच्या भिंतीकडे केलं. त्या पेराच्या रेषेत शेखर होता, हवालदार होता आणि ती बाकीची माणसंही होती.

"असं नाही बाई. नीट. सरळ बोट करा."

"नाय."

"का नाही?"

"कुजंल."

"कोण कुजेल?"

आत्या गोंधळली. एवढी मोठी माणसं आणि एवढं साधं माहीत नाही. ती समजावून सांगायला लागली, "भोपळा कुजतो. बोट दाखवलं की. नाय दाखवायचं."

हसू फुटलं. पुढच्या बाकावरचे वकील हसले, वाट बघणारी माणसं हसली, कोपऱ्यातला टायपिस्टसुद्धा मान खाली घालून हसला. मी नकाशापुढे म्हटलं होतं तेच वाक्य. मला त्या वाक्यावर टाळी मिळाली होती.

मी उभी राहिले. कधी राहिले ते कळलंच नाही. "सर, तिला आरोपी माहीत आहे, आमच्याकडे बोट दाखवत नाहीत, तिला म्हणा त्याच्याजवळ जाऊन उभी राहा..."

"ही मुलगी कोण?" साहेबांनी विचारलं.

"भाची, सर. म्हणजे ती आत्या, मी..."

"तू साक्षीदार आहेस?"

"नाही."

"मग खाली बस, बाळा. नाहीतर बाहेर जावं लागेल."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मी भांडले असते. माझा आवाज शाळेच्या मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत माइकशिवाय जातो, आणि तिथे साहेब माझ्यापासून चार बाकांवर होते. मी बसले.

दारातल्या पट्टेवाल्याकडे माझं लक्ष गेलं. म्हातारा, गावाकडचाच असणार, कारण तो हसत नव्हता. तो आत्याच्या हाताकडे बघत होता आणि त्याला कळलं होतं. पण त्याला बोलायचं नसतं, नावं पुकारायची असतात फक्त.

आणखी एक माणूस हसत नव्हता. शेखर. तो पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. त्याच मातीत वाढलेला तो, आत्यानं त्याला कडेवर घेऊन मळाभर हिंडवलेलं. त्या भरल्या कोर्टात त्याला सगळ्यांत चांगलं माहीत होतं, की ही बाई आपल्याला ओळखत नाही असं नाही. आपण कुजू नये म्हणून ती बोट दुमडतेय.

साहेबांनी लिहायला सांगितलं, "साक्षीदारास आरोपी ओळखण्यास सांगितले असता ती भोपळ्याविषयी बोलते." टायपिस्टनं ते खटखट उतरवलं.

मग शेखरचे वकील उठले. फार सभ्य माणूस. आधी आत्याला पाणी द्यायला सांगितलं. "नवसाताई, शेखर तुम्हाला बोरं आणून द्यायचा ना?"

"हो." आत्याला बरं वाटलं. द्यायचाच तो.

"चांगला मुलगा आहे ना?"

"हो."

"तुमचे भाऊ विहिरीपाशी पडले ना?"

"हो. पडला भाऊ."

"शेखरनंच त्यांना उचललं ना?"

"हो."

"आणि हे मारल्याबिरल्याचं तुम्हाला घरच्यांनी शिकवलं ना?"

"हो."

मी सरकारी वकिलांच्या पाठीकडे बघत होते. सांगितलं होतं मी, व्हरांड्यात, पहिली गोष्ट. त्यांनी एकदा वळून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा फाइलीत बघितलं.

"शेवटचं विचारतो ताई," शेखरचे वकील म्हणाले, "मी डॉक्टर आहे ना?"

आत्यानं त्यांच्या काळ्या कोटाकडे पाहिलं. त्यांना राग येऊ नये अशा आवाजात म्हणाली, "हो."

"एवढंच, सर," म्हणून ते बसले.

बाहेर आल्यावर आत्याचा चेहरा फुलला होता. "सांगितलं मी साहेबाला."

"हो आत्या. छान सांगितलंस."

"आता मळ्यात जायचं?"

मी नानांकडे बघितलं. नाना डाव्या हातानं उजवा हात धरून जिन्याकडे बघत उभे होते. "रस पिऊ आधी," मी म्हटलं. आत्यानं दोन ग्लास प्यायले.

निकाल दसऱ्याच्या आधी लागला. संशयाचा फायदा. साक्षीदाराची समज पाहता तिच्या सांगण्यावर विसंबता येत नाही. बाकी पुरावा नाही. शेखर घरी आला, त्याच्या बायकोनं ओवाळलं, पेढे वाटले. आमच्या दारासमोरून पेढ्यांचं ताट गेलं, आमच्याकडे थांबलं नाही एवढी लाज त्यांना होती.

आई इतके दिवस काही बोलली नव्हती. त्या संध्याकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या फुटली. "एक बोट सरळ केलं असतं तर काय झिजलं असतं का वन्सं तुमचं? सगळं खरं सांगितलं आन् ऐन टायमाला भोपळा."

"तिला नको बोलू," नाना म्हणाले.

"मग कोणाला बोलू? साहेबाला बोलू?"

आत्या माळ ओवायची थांबली. "माझ्या आईनं सांगितलंय. नाय दाखवायचं."

"भोपळ्याला नाय दाखवायचं. माणसाला दाखवलं तर चालतं," आई म्हणाली. "दाखवलं असतं तर साहेबानं नेला असता त्याला."

आत्या बराच वेळ आईकडे बघत राहिली. जेवलीही नाही नीट.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. दारोदारी झेंडूचे ढीग, पाट्या, पोती, सगळ्या बाया ओट्यांवर बसून ओवतायत, आणि त्यातून टेम्पो वाट काढत फुलबाजाराकडे निघालेले. मी पोती शिवत होते. शेखरचा टेम्पो आला. आमच्या दारापुढे पोत्यांमुळे अडला.

आत्या उठली. मांडीवरची अर्धी माळ खाली पडली. पायऱ्या उतरून ती टेम्पोच्या पुढे जाऊन उभी राहिली, उजवा हात वर केला आणि काचेतून थेट शेखरकडे बोट केलं. सरळ. मी जन्मात तिचं ते बोट सरळ पाहिलं नव्हतं. सुईनं टोचून टोचून काळं पडलेलं.

"ह्यानं," ती म्हणाली. "ह्यानं मारला भाऊला. मागून."

ओवणारे हात थांबले. कोणी हसलं नाही, कारण त्या बोटाचा अर्थ तिथं सगळ्यांना कळत होता. आख्खं कोर्ट भरेल एवढी माणसं होती तिथं, पण साहेब नव्हते आणि टायपिस्ट नव्हता.

शेखरनं इंजिन बंद केलं. खिडकीतून डोकं काढून अगदी हळू म्हणाला, "नवसाताई, हात खाली घे."

तिनं घेतला नाही. मी पुढे गेले. माझ्याकडे शब्दांचा काही तोटा नाही, तोंडाशी आले होते सगळे. पण सांगायचे कुणाला? शेखरला माहीत होतं. गल्लीला माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी लिहून टाकून फाइल बांधली होती.

त्यानं टेम्पो चालू केला आणि गल्लीच्या तोंडापर्यंत मागे मागे नेला. बाया पुन्हा ओवायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, "झालं का गं पोतं शिवून?"

आत्या ओट्यावर आली आणि ते बोट मुठीत धरून बसली. त्या दिवशी तिनं पुढे एक फूल ओवलं नाही.

दसरा होऊन गेला. आता रोज सकाळी मी शाळेला निघाले, दप्तर पाठीला लावलं, की आत्या विचारते. ती मळ्याकडे बघतच नाही, माझ्या तोंडाकडे बघते.

"कुजला का गं तो?"

"नाही आत्या. चांगला आहे. आत्ताच बांधावर होता."

"नाय कुजला?"

"नाही."

तिचा जीव भांड्यात पडतो, ते मला दिसतं. ती मूठ उघडते, सुई उचलते, दोरा ओवते.

"मग मी इथंच बसते," ती म्हणते, आणि पाटीतलं पहिलं फूल घेते.